ओळंबा आणि दोन पांढऱ्या फिती

लष्करी इंजिनियरांच्या क्लबात मी पाऊल टाकलं आणि पहिल्या अर्ध्या तासात अख्खा क्लब बंद पाडला. शत्रूला जे जन्मात जमलं नव्हतं ते मी एकट्यानं केलं, आणि तेही निव्वळ नीटनेटकेपणाच्या हौसेपायी.

झालं असं, की क्लबाला पंचवीस वर्षं होत होती आणि त्यांना एक स्मरणिका काढायची होती. सभासदांमध्ये पूल बांधणारे होते, पूल उडवणारे होते, सुरुंग पेरणारे आणि सुरुंग शोधणारेही होते. पण चार वाक्यं गोडीनं लिहील असा एकही नव्हता. जे लिहीत ते मुद्दा क्रमांक एक, मुद्दा क्रमांक दोन असं लिहीत आणि खाली सही ठोकून मोकळे होत. म्हणून कुणाच्या तरी ओळखीनं माझी नेमणूक झाली. पाचची वेळ दिली होती. मी साडेचारलाच टपकलो. दार सताड उघडं, आत चिटपाखरू नाही. लांबोडकी खोली, भिंतीला पाठ लावून उभ्या लाकडी खुर्च्या, कोपऱ्यात चहाचा स्टोव्ह. आणि जमिनीवर, दारापासून थेट खिडकीजवळच्या एका खुर्चीपर्यंत, दोन हात अंतर ठेवून अंथरलेल्या दोन पांढऱ्या फिती. मला वाटलं, कसल्या तरी समारंभाची उरलेली सजावट. समोर पसारा आणि हाताला काम नाही, मला राहवेना. मी दोन्ही फिती गोळा केल्या. एकीनं माझे सुटे कागद झकास बांधले, दुसरी गुंडाळून खिशात टाकली आणि लोक येऊन पाठ थोपटतील म्हणून ऐटीत बसून राहिलो.

पाचच्या ठोक्याला बाहेर बूट वाजले. सगळ्यांत पुढे एक उंच, रुंद, टोपी घातलेले गृहस्थ. दारात आले, जमिनीकडे पाहिलं आणि जागच्या जागी थिजले. मग उजवा हात वर केला आणि मूठ आवळली. त्यासरशी मागची सगळी रांग थांबली. एकाचा पाय पायरीवर, दुसऱ्याचा पायरीखाली, तिसऱ्याची शिंक अर्ध्यावर. बारा-तेरा माणसं सहज असतील. शेवटी एक कुरियरवाला होता. त्याला यातलं काडीचंही कळत नव्हतं, पण तोसुद्धा पार्सल छातीशी धरून पुतळा झाला.

मी आतून म्हटलं, "या ना, या!"

कुणाची पापणी हलली नाही.

"अहो, या की! आत कुणी नाहीये. मीच आहे."

"तोच तर घोटाळा आहे," रांगेतून कुणीतरी ओठ न हलवता म्हणालं.

तेवढ्यात मागच्या खिडकीतून आधी एक दुधाची पिशवी आत आली, मग एक लांबलचक पाय आला, मग त्या पायाचा मालक आला. सत्तरी केव्हाच ओलांडलेला, काटकुळा, ताठ. खिडकीतून तो असा सरळ खाली उतरला की दोरीनं सोडल्यासारखा वाटावा.

"फीत?" तो म्हणाला.

मी कागदांचं गाठोडं पुढे केलं. त्यानं गाठ पाहिली. मग मला पाहिलं.

"तुम्हीच का ते लेखक?"

"हो."

"वाटलंच."

माझ्या खिशातली दुसरी फीतही त्यानं काढून घेतली, गुडघे टेकले आणि दोन्ही फिती पुन्हा अंथरल्या, मधलं अंतर वितीनं मोजत मोजत. मग उठला, खुर्चीपासून दारापर्यंत आणि दारापासून खुर्चीपर्यंत पाऊल न पाऊल दाबत चालला. पुन्हा दारात जाऊन त्या टोपीवाल्यांच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाला, "चालून पाहिलंय."

मूठ खाली आली. रांग हलली. अर्धवट राहिलेली शिंक पूर्ण झाली. कुरियरवाल्यालाही चहा मिळाला.

तर हा ओळंबा. खरं नाव काही वेगळंच होतं, पण ते फक्त पेन्शनच्या कागदावर. ओळंबा म्हणजे गवंड्याचा तो दोरीला टांगलेला लोखंडी लंबक. भिंत सरळ आहे की वाकडी ते सांगणारा. हा माणूस तसाच सरळ आणि तसाच तोंडावर सांगणारा, म्हणून पलटणीत हे नाव पडलं. फरक एवढाच, की खरा ओळंबा थोडा वेळ हलतो आणि मग स्थिर होतो. हा स्थिर झालेला कुणी पाहिला नव्हता.

पायाला भिंगरी म्हणावी तर भिंगरीसुद्धा कधीतरी दमते. दुपारी तीनला तो क्लब उघडायचा. खुर्च्या पुसायचा, खिडक्यांच्या कड्या तपासायचा, दूध आणायला जायचा, अर्ध्या वाटेतून स्टोव्ह बंद केला की नाही ते पाहायला परत यायचा. सभासद आले की मोजायचा. एक कमी भरला की दारात जायचा, रस्त्याकडे पाहायचा, आत यायचा, पुन्हा मोजायचा. कोण आजारी, कुणाच्या चष्म्याचा नंबर बदलला, कुणाचं सुनेशी बिनसलंय म्हणून त्याला आज जरा उशिरापर्यंत बसू द्यायचं, सगळी नोंद डोक्यात. त्याची बायको मला एकदा म्हणाली, "लेखक, ह्यांनी घरात बसून एक अख्खा कप चहा संपवला तर मला फोन करून कळवा." मी म्हटलं, "काकू, तुम्ही घरातच असता ना?" तर म्हणाली, "असते. पण मला खरं वाटणार नाही. कुणीतरी दुसऱ्यानं सांगितलेलं बरं."

इंजिनियरांचा क्लब चालवणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. साध्या माणसांच्या क्लबात पंखा कुरकुरला की वायरमनला बोलावतात. इथे पंखा कुरकुरला आणि बारा जण एकदम उठून उभे राहिले. बारा निदानं झाली. शेवटी पंखा उतरवला, त्याचा तुकडा न तुकडा चिठ्ठ्या लावून टेबलावर मांडला, आणि महिनाभर सगळे त्या टेबलाभोवती घाम पुसत एकमेकांची अक्कल काढत बसले. पंखा पुन्हा लागला तेव्हा आवाज बिलकुल गेला होता. फक्त वारा छताकडे जात होता.

या सगळ्यांना एका दोरीत बांधणारा एकच नियम होता. जो पूल बांधतो त्यानं पूल आधी ओलांडायचा, आणि जो सुरुंग काढून वाट मोकळी करतो त्यानं त्या वाटेनं आधी चालून दाखवायचं. फौज सुटली तरी नियम सुटला नव्हता. क्लबात कुणी मोडकी खुर्ची जोडली की आधी त्यानं तिच्यावर बसायचं, चांगला एक कप चहा होईपर्यंत, मग बाकीच्यांनी. शिडी दुरुस्त केलीस? चढ. माळ्याची फळी ठोकलीस? लोंबकळ. क्लबातली निम्मी दुरुस्ती ओळंबाच करायचा. तेव्हा तो बसलेला दिसायचा तो तेवढाच, तपासणीपुरता. खुर्ची पास झाली की हा उठलाच.

फितींचं गौडबंगाल मला दोन आठवड्यांनी कळलं. ते टोपीवाले गृहस्थ म्हणजे ओळंबाचे जोडीदार. पलटणीत दोघांनी जोडीनं सुरुंग काढले होते, त्यामुळे सगळा क्लबच त्यांना जोडीदार म्हणायचा. आता त्यांना विसरायला होत होतं. आधी चाव्या गेल्या, मग नातेवाइकांची नावं, मग वार आणि महिने. क्लबाची खोलीसुद्धा त्यांना एक दिवस परकी वाटली. दारात उभे राहून आत यायलाच तयार होईनात. सगळ्यांनी हाका मारल्या, समजूत घातली, हात धरून ओढलं. ढिम्म हलले नाहीत. तेव्हा ओळंबानं कुठून तरी पांढरी फीत पैदा केली आणि वाट आखली. सुरुंग काढून मोकळ्या केलेल्या वाटेच्या दोन्ही कडांना अशी फीत लावतात. दोन फितींच्या मध्ये चाललात तर जिवंत. डोक्यातून सगळं पुसलं गेलं होतं, पण ती फीत कुठेतरी आत शाबूत होती. ते शांतपणे आले आणि खुर्चीत बसले. तेव्हापासून रोज फीत.

"घरापासून इथवर मात्र आपसूक येतो," ओळंबा म्हणाला. बोलताना हातानं एका कडीचा स्क्रू पिळणं चालूच होतं. "गल्लीच्या टोकाला घर. पायांना पाठ आहे रस्ता. तेवढ्यावर तर पोरीनं ठेवलंय त्याला इथे."

पोरगी म्हणजे जोडीदारांची लेक. दुसऱ्या गावी नोकरीला. वडिलांना आपल्याकडे न्यायचं तिनं दोनदा ठरवलं होतं आणि ओळंबानं दोनदा लांबणीवर टाकलं होतं. ती स्वभावानं वाईट नव्हती, घाबरलेली होती. तिचं म्हणणं एवढंच: बाबा स्वतःच्या पायांनी क्लबात जातात, चार ओळखीच्या माणसांत बसतात, तोवर ठीक, ज्या दिवशी ते थांबेल त्या दिवशी मी त्यांना घेऊन जाणार.

आणि ते थांबायची पाळी आली. क्लबाची इमारत पाडायचं ठरलं. मालकानं महिन्याची मुदत दिली आणि बदल्यात अंगणापलीकडची, पूर्वी छापखाना असलेली खोली देऊ केली. मालकाकडे आमच्या बाजूनं बोलायला बॉम्ब गेला होता. बॉम्ब म्हणजे क्लबातला सुरुंगस्फोटाचा तज्ज्ञ. उभं आयुष्य धडाक्यांत गेल्यामुळे एका कानानं ठार बहिरा आणि दोन्ही कानांना ऐकू जाईल असा बोलणारा. तो परत आला तो खुशीत. "मी त्याला म्हटलं, पाडायला माणसं कशाला लावतोस? मी आहे ना! नऊला बटण दाबतो, सव्वानऊला चहा!"

"बाजूच्या इमारती?" ओळंबानं विचारलं.

"त्यांनाही देऊ की चहा!"

सगळे हसले. ओळंबा हसला नाही. त्या दिवसापासून त्याचा जीव टांगणीला लागला. नव्या खोलीत तो दिवसातून दहादा जायचा. खिडकी डावीकडे होती, जुन्या खोलीत उजवीकडे. जमीन फरशीची होती, जुन्या खोलीत लाकडाची. "बुटांचा आवाज वेगळा येणार," तो म्हणायचा. "त्याला कळणार." दोन वेळा त्यानं जोडीदारांना हाताला धरून अंगण ओलांडायला नेलं. दोन्ही वेळा अंगणाच्या काठावर ते थांबले आणि मूठ वर गेली.

लेकीला कुठून तरी समजलं. तिचा फोन आला. "काका, रविवारी तुमचं सामान हलणार ना? मी येते. बाबा नव्या खोलीत गेले तर प्रश्न नाही. नाही गेले तर त्याच संध्याकाळी माझ्याबरोबर येतील. आता पुढच्या महिन्यावर ढकलू नका."

फोन ठेवला आणि ओळंबा खोलीभर फिरत राहिला. मी म्हटलं, "तुम्ही एवढं का जिवाला लावून घेता? मुलगी आहे, काळजी घेईल."

तो थांबला नाही. फिरता फिरताच बोलला.

"एकदा मी वाट केली होती. ऐंशी पावलं. माझी वाट, म्हणजे आधी मी चालायचं. सगळी पलटण मागे उभी. तर मी म्हटलं, अंगात ताप आहे. हा म्हणाला, तू थांब, ताप आहे तुला. आणि गेला."

"मग?"

"मग काय? पोचला पलीकडे. वाट चोख होती."

"मग बिघडलं कुठे?"

तो खिडकीशी गेला. कडी तपासली.

"ताप नव्हता मला," तो म्हणाला. "फाटली होती."

कडी पुन्हा लावली आणि म्हणाला, "चाळीस वर्षं म्हणतोय, आज सांगू, उद्या सांगू. आता कुणाला सांगू? त्याला माझं नावसुद्धा निम्म्या वेळा आठवत नाही."

रविवारचा बेत सोपा होता. जुन्या दारापासून नव्या दारापर्यंत, अंगणातून, चाळीस पावलांची एक वाट आखायची. ओळंबानं ती चालून दाखवायची, जोडीदारांनी मागून यायचं. फीत कुणी लावायची हे मात्र त्यानं सांगायचं राहिलं, आणि तिथेच गफलत झाली. इंजिनियरांच्या क्लबात एखादं काम कुणाचं ते सांगायचं राहिलं म्हणजे ते सगळ्यांचं होतं. ओळंबा पहाटेपासून नव्या खोलीत खुर्च्या लावत होता. तेवढ्यात बॉम्बनं दोघांना हाताशी धरून एक वाट आखली. पूल बांधणाऱ्यांना ती जरा वाकडी वाटली, म्हणून त्यांनी शेजारी सरळ आखली. मोजणी खात्यात आयुष्य काढलेल्या दोघांना दोन्ही चुकीच्या वाटल्या, म्हणून त्यांनी दोन्हींना छेदून तिसरी आखली. कुणी कुणाची फीत काढली नाही. दुसऱ्याच्या फितीला हात लावायचा नाही ही शिस्त! (ती शिस्त मोडणारा क्लबाच्या इतिहासात मीच एकटा.)

दहा वाजता लेक वडिलांना घेऊन जुन्या दारात आली. जोडीदारांनी अंगणाकडे पाहिलं. तीन वाटा, सहा फिती, एकमेकींना छेदून गेलेल्या.

मूठ वर गेली.

जो तो होता तिथे थांबला. दोघं कपाट उचलून चालले होते, ते कपाटासकट थांबले. मी एका हातात खुर्चीचा पाय आणि दुसऱ्या हातात हातोडी घेऊन थांबलो. लेकसुद्धा थांबली, लहानपणापासूनची सवय असणार. नव्या दारातून ओळंबा बाहेर आला, त्यानं अंगण पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"तीन?" तो ओरडला. "अरे, वाट एक असते! कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"माझी बरोबर आहे!" बॉम्ब जागच्या जागी गरजला.

"तुझी वाकडी आहे," कपाटाखालून आवाज आला.

"काका," लेक हळूच म्हणाली, "राहू दे. मी बॅग भरते त्यांची."

"थांब गं जरा!" ओळंबा म्हणाला आणि पायरी उतरला. "मी येतो. मी चालून दाखवतो. बघ रे, मी आधी चालतो."

पलीकडून आवाज आला. खणखणीत, हुकमी. जोडीदारांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"तू थांब. ताप आहे तुला."

ओळंबा पायरीवरच राहिला. आणि मग सगळ्या क्लबासमोर, लेकीसमोर, कपाट धरून उभ्या असलेल्या दोघांसमोर तो बोंबलला, "नाही! ताप नाहीये मला! तेव्हाही नव्हता!"

"माहितीये," जोडीदार म्हणाले. "तरी थांब."

आणि त्यांनी गुडघे टेकले. खिशातून पेन काढलं, तिरकं धरलं आणि सुरुंग शोधताना सळई टोचतात तसं समोरच्या मातीत हळूच टोचलं. एक वीत डावीकडे, एक वीत उजवीकडे, मग पुढे. बोटं जमिनीवरून अशी फिरत होती की झोपलेल्या तान्ह्या मुलाच्या कपाळावरून फिरावीत. ज्यांना लेकीचं नाव सकाळी तीनदा सांगावं लागलं होतं, त्यांचा हात एकदाही चुकला नाही. चुकीची फीत आली की ते ती उचलत, गुंडाळत, खिशात ठेवत. बरोबर फीत कोणती ते त्यांनी कशावरून ठरवलं, देव जाणे; एवढं खरं, की ती बॉम्बची नव्हती. चाळीस पावलांना पाऊण तास लागला. कपाटवाल्यांनी कपाट खाली ठेवलं नाही. ओळंबाची मात्र भयंकर दशा झाली होती. पायरीवर तो एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार टाकत होता आणि सारखे हात पुसत होता. त्याच्या हाताला काहीच लागलेलं नव्हतं.

जोडीदार नव्या दारापाशी उठले, गुडघे झटकले आणि मागे वळून म्हणाले, "मोकळी आहे. या."

सगळ्यांत आधी लेक आली. बरोबर दोन फितींच्या मधून, एकेक पाऊल टाकत. तिचे डोळे भरले होते, पण नजर पायांखालीच होती. मग रांगेनं सगळा क्लब आला, शेवटी कपाट. आत जाऊन जोडीदारांनी स्वतःच एक खुर्ची निवडली, डावीकडच्या खिडकीजवळची, आणि बसले. लेकीनं ओळंबाकडे पाहिलं. "उद्या बघू, काका," ती म्हणाली. "उद्या एकटे आले तर मग मी काही म्हणणार नाही."

त्या रात्री तो झोपला नाही, असं काकू म्हणाली. मला आश्चर्य वाटलं नाही.

सोमवारी साडेचारपासून तो नव्या दारात उभा होता. घड्याळ पाही, आत येई, खुर्च्या मोजी, बाहेर जाई. लेक आत बसली होती आणि कप हातात गार करत होती. सगळे दबक्या आवाजात बोलत होते; बॉम्बसुद्धा कुजबुजत होता, म्हणजे साधारण आपण बोलतो तितक्या आवाजात. पाच वाजले. पाच वाजून दोन मिनिटं झाली. ओळंबा रस्त्यापर्यंत गेला आणि परत आला.

मग बूट वाजले. जोडीदार अंगणाच्या काठावर आले, फितींकडे एकदा पाहिलं आणि न थांबता, न वाकता, सरळ चालत आले. दारात ओळंबाच्या खांद्यावर थाप मारली, "उतरला का रे ताप?" असं विचारलं, उत्तराला न थांबता आत गेले आणि आपल्या खुर्चीत बसले. लेकीनं गार चहा एका घोटात संपवला आणि गाडीचं वेळापत्रक काढून बघू लागली. एकटीच्या तिकिटासाठी.

ओळंबा तरीही उभाच. कडी तपासली, फितीचं टोक नीट केलं, पुन्हा कडी तपासली. मला वाटलं, आता तरी या माणसानं टेकावं. आदल्या दिवशी माझ्या हातात राहिलेला तो खुर्चीचा पाय मी सकाळी स्वतः ठोकून बसवला होता, तीन खिळे आणि अर्धी बाटली डिंक खर्ची घालून. ती खुर्ची मी उचलली, त्याच्यामागे नेऊन ठेवली आणि म्हटलं, "झालं ना सगळं मनासारखं? आता तरी बसा हो जरा."

त्यानं खुर्चीकडे पाहिलं. मग मला पाहिलं.

"जोडलीस तू, आधी तू बस."